बादल्यांसाठी पैसे कोण देतं?

आमच्या चर्चच्या हॉलमध्ये, चहा देतात त्या खिडकीशेजारी, एक मोठा पुठ्ठा टांगलाय. त्यावर पिवळ्या कागदाचे षट्कोन. एक षट्कोन म्हणजे मलावी या आफ्रिकेतल्या देशातली एक मधपेटी. तेवढे पैसे जमले की संडे स्कूलची मुलं त्यात कागदाची मधमाशी चिकटवतात आणि मोठी माणसं टाळ्या वाजवतात. कल्पना छान आहे, निम्मे पैसे तिच्यामुळेच आले. तरीही त्या पुठ्ठ्यावर माझा राग आहे, कारण त्यावर नुसती पेटी दिसते, ती चालती ठेवायचा खर्च दिसत नाही. समितीत मी तो बोलून दाखवलाय, आता इथे जरा सविस्तर.

आधी आमच्याबद्दल. स्कॉटलंडच्या पूर्वेकडच्या एका लहान गावातली ही चर्च ऑफ स्कॉटलंडची मंडळी. बाक भरपूर, माणसं कमी, सरासरी वय बरंच. इथं मराठी बोलणारी मी एकटी. माझ्याकडे काम आहे ते गिफ्ट एडच्या लिफाफ्यांचं. प्राप्तिकर भरणाऱ्याने नाव-पत्ता लिहून पौंडभर अर्पण टाकलं की सरकार त्यावर २५ पेन्स देतं. म्हणजे दहाच्या नोटेचे साडेबारा होतात. मात्र त्या पैशांच्या बदल्यात देणाऱ्याला काही मिळालेलं चालत नाही. रॅफलचं म्हणजे सोडतीचं तिकीट, केकचा तुकडा, सूपची वाटी यांवर सरकार दमडी देत नाही. म्हणून कॉफी मॉर्निंगला रॅफलच्या टेबलाभोवती गर्दी दिसली की माझा जीव वरखाली होतो. ‘अहो, तेच पाच पौंड लिफाफ्यात टाका ना!’ असं ओरडावंसं वाटतं. पण लोकांना शॉर्टब्रेडचा डबा जिंकायचा असतो, त्याला इलाज नाही.

मलावीशी नातं जुनं आहे, आमच्या मंडळीचंही आणि स्कॉटलंडचंही. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन जन्मला तो ग्लासगोजवळच्या ब्लँटायरमध्ये, आणि मलावीतल्या मोठ्या शहराचं नावही ब्लँटायरच. उत्तरेकडचं लिव्हिंगस्टोनिया मिशन रॉबर्ट लॉज यांनी १८९४ मध्ये मलावी सरोवराच्या काठावरून वर डोंगरावर हलवलं, ते अजून तिथं आहे. मराठी वाचकांसाठी एक आडवाट: लिव्हिंगस्टन १८६४ मध्ये मुंबईला आला, तेव्हा गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या तावडीतून सुटलेला चुमा नावाचा मुलगा त्याच्याबरोबर होता. हा चुमा याओ जमातीचा, आजच्या मलावीच्या बाजूचा. त्याला मुंबईत जॉन विल्सन यांच्या मिशन शाळेत ठेवलं होतं. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारला, तेव्हा त्याचा देह शेकडो मैल चालत किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत हाच चुमा पुढे होता. आमच्या मंडळीत लिव्हिंगस्टनचं कौतुक सांगणारे पुष्कळ आहेत. चुमा मुंबईत शिकला होता हे मी सांगितलं, तेव्हा मात्र सगळे माझ्याकडे बघत राहिले.

तर आमची जोडमंडळी, म्हणजे आमच्याशी नातं जोडलेली तिकडची मंडळी, आहे उत्तर मलावीतल्या रुम्फी जिल्ह्यात, न्यिका पठाराच्या पायथ्याच्या बाजूला. मका, थोडी तंबाखू, पावसाची वाट. पाऊस नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतो. जानेवारी ते मार्च म्हणजे घरातला मका संपलेला आणि शेतातला अजून हिरवा, असा उपाशी काळ. देशातल्या दर दहांपैकी सातांहून जास्त माणसं जागतिक बँकेच्या गरिबीरेषेखाली आहेत. तिथल्या मंडळीच्या बायकांचं मंडळ, ज्याला त्या भागात उमान्यानो म्हणतात, त्यांनीच मधमाशांची गोष्ट काढली. आमच्या डोक्यातून आलेली ती नव्हे. हे मुद्दाम सांगते, कारण आमच्या डोक्यातून आलं असतं तर शिलाई मशिनं गेली असती.

आमच्या मंडळीत एक म्हातारे मधपाळ आहेत. ऑगस्टमध्ये पेट्या ट्रेलरवर चढवून हेदर फुललेल्या माळावर नेतात आणि ख्रिसमसच्या विक्रीत त्यांच्या बाटल्या सगळ्यांत आधी संपतात. मलावीचं कानावर येताच ते उठून म्हणाले, “माझ्या शेडमध्ये जुन्या स्मिथ पेट्या पडल्यात, सगळ्या देऊन टाकतो.” स्मिथ पेटी ही खास इकडची, पीबल्सजवळच्या इनरलीथनच्या एका स्मिथने बेतलेली, स्कॉटलंडभर चालते. हॉलमध्ये खूप आनंद झाला. फुकट पेट्या! कंटेनरचं भाडं कोण देईल यावर चर्चाही सुरू झाली.

पुढच्या बैठकीला त्यांनी स्वतःच ते मागे घेतलं. वापरलेल्या पेटीतून फाउलब्रूड जातो. हा माशांच्या अळ्यांना होणारा रोग. त्याचा अमेरिकन प्रकार भलता चिवट, त्याचे बीजाणू लाकडात नि मेणात कित्येक दशकं जिवंत राहतात. २००९ मध्ये पर्थशरकडे या रोगांनी मधपाळांची झोप उडवली होती, ते यांच्या डोळ्यांसमोर घडलेलं. जुनी पेटी परदेशी पाठवणं म्हणजे दानाच्या नावाखाली रोग पाठवणं, असं ते म्हणाले आणि विषय तिथंच मिटला.

मग दुसरा प्रश्न आला. नव्या पेट्या पाठवायच्या तर कुठल्या? आपल्याला दिसतात तशा, आत चौकटी असलेल्या?

इथं व्हॉट्सअॅपवर तिकडच्या मंडळाच्या खजिनदार बाईंनी आम्हाला शहाणं केलं. चौकटीच्या पेटीला सगळं मापात लागतं. माशांना ये-जा करायला जेवढी फट हवी, त्याहून काही मिलीमीटर इकडेतिकडे झालं की त्या मधे मेण बांधून सगळं चिकटवून टाकतात. मग चौकटीत बसवायला मेणपत्रे हवेत, मध काढायला फिरकीचं यंत्र हवं, आणि यातलं काही मोडलं तर सुटा भाग कुठून आणायचा? तिकडे वापरतात ती टॉप बार पेटी, १९७० च्या दशकात केनियात कॅनडाच्या मदतीने घडवलेली. एक लांबट खोका, बाजू खाली निमुळत्या होत जाणाऱ्या, आणि वर झाकण म्हणून शेजारी शेजारी ठेवलेल्या लाकडी पट्ट्या. आफ्रिकन माशीसाठी पट्टीची रुंदी ३२ मिलीमीटर. इकडच्या माशीला ३५ लागते. माशा प्रत्येक पट्टीला एक पोळं लटकवतात. पट्टी उचलली की पोळं हातात. ते कापायचं, चुरायचं, फडक्यातून गाळायचं. यंत्र नाही, मेणपत्रा नाही. गावचा सुतार पेटी करतो आणि मोडली तर तोच नीट करतो.

आमचे मधपाळ हे ऐकून खूश झाले, कारण हेदरचा मधही यंत्रात फिरत नाही. तो जेलीसारखा घट्ट बसतो, पोळ्यासकट दाबूनच काढावा लागतो. “मी आयुष्यभर हेच करत आलोय,” म्हणाले. तेव्हापासून ते आमच्यातले सगळ्यांत कडवे टॉप बारवाले झालेत.

पेट्या झाडांना किंवा खांबांना तारेने टांगतात, साधारण कमरेच्या उंचीवर. तार अशासाठी की मधाला चटावलेला हनी बॅजर नावाचा प्राणी वर चढून खोका फोडू नये, आणि तारेला ग्रीस फासलं की मुंग्याही अडतात. ही कमरेची उंची फार कामाची आहे. पूर्वीच्या पोकळ ओंडक्यांच्या नाहीतर सालीच्या पेट्या उंच झाडावर असायच्या, त्यामुळे मध म्हणजे झाडावर चढणाऱ्या पुरुषांचं काम. पेटी खाली आली आणि बायकांच्या हाताशी आली. मध काढायचा तो संध्याकाळी, अंधार पडता पडता, कारण ही माशी रागीट. स्कुटेलाटा तिचं नाव. १९५६ मध्ये हिलाच ब्राझीलला नेलं होतं. तिथून निसटलेल्या थव्यांची संकरित संतती पुढे दक्षिण आणि मध्य अमेरिकेतून थेट युनायटेड स्टेट्सच्या दक्षिण भागापर्यंत पसरली. आमचे मधपाळ बाह्या दुमडून, हातमोजे न घालता काम करतात. रुम्फीतला मध काढतानाचा व्हिडिओ त्यांनी पाहिला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

आता माझ्या रागाकडे येते.

पेटी ही देणगीदाराला दिसणारी वस्तू आहे. तिचा फोटो निघतो. तिच्यावर नाव रंगवता येतं, आणि आमच्याकडे एकाने तशी मागणी केलीही, दिवंगत आईच्या नावाची. तिच्या किमतीचा एक षट्कोन होतो. पण पेटी टांगली म्हणून मध येत नाही. माशा विकत घ्यायच्या नसतात, रानातले थवे आपण होऊन येतात. (इकडच्या लोकांना हे पटवायला फार वेळ लागला. इथे माशांची लहानशी वसाहत घ्यायची तरी चांगले पैसे मोजावे लागतात.) थवा यावा म्हणून पट्ट्यांना आतून मेण चोळतात. कधी महिन्यात येतो, कधी वर्षभर नाही. आणि ही माशी जशी येते तशी जातेही. दुष्काळ पडला, फुलोरा संपला, मुंग्यांनी छळलं, कोणी धसमुसळेपणाने सगळीच पोळी कापून नेली, की पेटी ओस.

मध निघाला तरी पुढे काय? मेणाने बंद केलेल्या घरांतलाच मध काढायला हवा. उघड्या घरांतल्या कच्च्या मधात पाणी जास्त असतं. पाण्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या वर गेलं की आंतरराष्ट्रीय मानकात तो बसत नाही, आणि मुख्य म्हणजे आंबतो. ते मोजायला रिफ्रॅक्टोमीटर नावाची नळी लागते, हातात मावेल एवढी. मध साठवायला घट्ट झाकणाच्या, खाण्याच्या पदार्थांसाठीच्या बादल्या लागतात, कारण मध हवेतलं पाणी ओढतो आणि रॉकेलचा डबा कितीही धुतला तरी वास सोडत नाही. धुराडं, म्हणजे माशांना शांत करायला धूर सोडणारं डबडं, लागतं. ते नसेल तर लोक पेटतं गवत धरतात, मग मधाला धुराची चव येते आणि घेणारा भाव पाडतो. गमबूट, जाळीचे पोशाख. आणि या सगळ्याच्या वर, गावोगाव जाऊन बघणारा, शिकवणारा, पुन्हा जाऊन बघणारा माणूस आणि त्याच्या मोटरसायकलचं पेट्रोल.

खजिनदार बाईंनी पाठवलेल्या यादीत पेट्या तिसऱ्या क्रमांकावर होत्या. पहिला प्रशिक्षक, दुसऱ्या बादल्या.

मी समितीत म्हटलं, षट्कोनांवर हेच लिहू या. एक षट्कोन बादलीचा, एक पेट्रोलचा. सगळे हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की मी चेष्टा करत नाहीये. “बादल्यांसाठी पैसे कोण देतं?” असं आमच्या खजिनदारांनी विचारलं. ते वाईट माणूस नाहीत. चाळीस वर्षं बँकेत काढलेले गृहस्थ आहेत, आणि पैसे माणसाच्या खिशातून कसे निघतात हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यांचं म्हणणं, पेटी दाखवून पैसे घ्या आणि बादल्यांना लावा, कोण विचारतंय? पण धर्मादाय संस्थेच्या नियमात ते बसत नाही. ज्या कामाचं नाव सांगून पैसे घेतले, त्याच कामाला ते लावायला हवेत. अखेर पुठ्ठ्यावरचं वाक्य बदललं. ‘एक मधपेटी’ याच्या जागी ‘एक पेटी उभी करून चालती ठेवण्याचा खर्च’ असं आलं. बोजड वाक्य आहे, लहान मुलांना वाचता येत नाही, पण हिशेबाला सरळ आहे.

नियमाची दुसरी बाजूही आम्हाला लवकरच कळली. त्याच हिवाळ्यात चर्चच्या उत्तरेकडच्या छताला गळती लागली. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तशी गत. वडीलमंडळाच्या, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांच्या, बैठकीत एकाने विचारलं की माशांचे पैसे तात्पुरते छताला वापरून नंतर भरले तर? नाही, ते राखीव. शिवाय गावोगावच्या मंडळ्या एकत्र करून इमारती विकायला काढणं चालू असताना आपण आफ्रिकेत पैसे का पाठवतोय, हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारला नाही, पण हॉलमध्ये तो बसलेला होताच. मला तो प्रश्न चुकीचा वाटत नाही. माझं उत्तर एवढंच की छतासाठी मागायला आम्हाला अख्खं गाव आहे, उमान्यानोच्या बायकांना मागायला आम्ही आहोत.

पैसे जमवण्याबद्दल फार लिहीत नाही, ते सगळीकडे सारखंच. मसुराच्या सूपचं जेवण, बीटल ड्राइव्ह नावाचा फाशांचा खेळ, कॉफी मॉर्निंग, मेणबत्त्या वळण्याचा वर्ग. कोणीतरी सुचवलं की मधपाळांचा संत अँब्रोज, त्याचा सण ७ डिसेंबरला असतो, तेव्हा कार्यक्रम ठेवू. त्यावर वडीलमंडळातल्या एकाने आठवण करून दिली की आपण प्रेस्बिटेरियन आहोत, संतांचे सण पाळत नाही. कार्यक्रम ७ डिसेंबरलाच झाला, अँब्रोजचं नाव न घेता. स्कॉटलंडमध्ये मलावीचा तांदूळ विकून पैसे उभे करण्याची एक चाल होती, ९० किलो विकले की तिथल्या शेतकऱ्याला एका मुलाच्या माध्यमिक शाळेचा वर्षाचा खर्च निघायचा. आमच्याकडे ती आधी झालेली, त्यामुळे लोकांना मलावी नकाशावर दाखवावं लागलं नाही. पण मधाची गोष्ट तशी नाही. रुम्फीचा मध इथे येत नाही आणि यावा असा आमचा आग्रहही नाही. म्झुझू या तिकडच्या शहरातल्या दुकानात तो गेला तरी पुष्कळ झालं.

पाठवायच्या वेळी वेगळंच संकट आलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये मलावीच्या रिझर्व्ह बँकेने क्वाचा या तिथल्या चलनाची किंमत एकदम उतरवली, डॉलर ४४ टक्क्यांनी महाग झाला. आमच्या खजिनदारांना आधी वाटलं, बरंच झालं, आपल्या पौंडाला जास्त क्वाचा मिळतील. मिळालेही. पण तार, खिळे, छताचे पत्रे, पेट्रोल सगळं बाहेरून येणारं. सुताराने दिलेला भाव आठवडाभरात रद्दी झाला. तिकडच्या बाईंनी सांगितलं, सगळी रक्कम एकदम पाठवू नका, टप्प्याने पाठवा, इथे हातात क्वाचा धरून बसण्यात अर्थ नाही. बँकेत चाळीस वर्षं काढलेल्या गृहस्थांनी ते निमूट मान्य केलं.

एक वाक्य मात्र मी आमच्या पत्रकातून काढायला लावलं. ‘तुमच्या देणगीने मलावीचं जंगल वाचेल.’ म्हणणं असं की माशांना मिओम्बोची, म्हणजे तिथल्या कोरड्या रानातली, झाडं लागतात, पावसाच्या आधी त्यांतला ब्रॅकिस्टेजिया फुलतो, त्यावर मध होतो, म्हणजे लोक झाडं तोडणार नाहीत. अर्धं खरं आहे. ज्या झाडाला स्वतःची पेटी टांगली आहे ते झाड माणूस तोडत नाही, शेजाऱ्यालाही तोडू देत नाही. पण मधाचे पैसे वर्षातून एकदा-दोनदा येतात आणि कोळशाचं पोतं या आठवड्यात विकलं जातं. तिकडच्या बहुतेक घरांत चूल लाकडावर नाहीतर कोळशावर पेटते, शहरात गिऱ्हाईक तयार आहे. फेब्रुवारीत घरात मका नसताना मधाची वाट पाहा असं मी कोणत्या तोंडाने सांगू? खजिनदार बाई म्हणतात, मध कोळशाला हरवत नाही, पण मेण थोडी मदत करतं. मेण खराब होत नाही. पोळी चुरल्यावर ते आपोआप हाती येतं, वितळवून वडी करून ठेवायची आणि नड आली की विकायची. हे मला कुठल्याही माहितीपत्रकात वाचायला मिळालं नव्हतं.

पहिल्या वर्षाचा अहवाल आला, त्यात बऱ्याच पेट्या रिकाम्या होत्या. फोटोही होते, रिकाम्या पेट्यांचे, पट्ट्या उचलून आत दाखवलेले. आमच्यातल्या एक-दोघांना वाटलं हे मंडळीपुढे सांगू नये, लोक नाउमेद होतील. पाळकांनी ते माझ्यावर सोपवलं. मी उपासनेनंतर सगळं वाचून दाखवलं, किती पेट्यांत माशा आल्या, किती ओस, कुठे मुंग्या, कुठे ऊन जास्त म्हणून पेटी सावलीत हलवली. मागच्या बाकावर एक मेंढपाळ शेतकरी बसतात, कधी बोलत नाहीत. ते म्हणाले, “पहिल्या वर्षी एवढ्या भरल्या? बरं चाललंय.” त्यानंतर कोणी काही विचारलं नाही, आणि त्या रविवारचे लिफाफे नेहमीपेक्षा कमी नव्हते. एकावर पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘पेट्रोल’. अक्षर ओळखीचं आहे, पण नाव सांगत नाही.

यंदा तिकडून पेट्यांची मागणीच नाही. उन्हावर मेण वितळवायची काचेच्या झाकणाची पेटी हवी आहे, आणि प्रशिक्षकाचं आणखी एक वर्ष. सुताराकडून काचेचा भाव आलाय, क्वाचात, तारखेसह, कारण तो किती दिवस टिकेल याची खात्री नाही. पुठ्ठ्यावर आता काय लावायचं यावर मंगळवारी बैठक आहे. सूपचं जेवण महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, साडेअकरापासून. लिफाफे दारापाशी ठेवलेत, रॅफलच्या टेबलाच्या अलीकडे.